सोळा नंबरचा गुडघा

तिला लीगमध्ये घेतलं ते तिच्या धंद्यासाठी, हे तिला पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं. फुटबॉलमधलं तिला कितपत समजतं याची लीगमधल्या चौघांपैकी एकानेही चौकशी केली नव्हती. उलट लीगचा स्वयंघोषित अध्यक्ष असलेला बेकरीवाला दोनदा घरी येऊन गळ घालून गेला की तू हवीसच, तुझ्याशिवाय मजा नाही. हाच बेकरीवाला शाळेत असताना तिला मैदानाच्या कडेलासुद्धा उभं राहू देत नसे. म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय हे उघड होतं. पण नवरा आधीपासून लीगमध्ये होता, मास्तर होता, बंब्या होता. या निमित्ताने सगळ्यांशी चार शब्द बोलणं होईल, एवढ्या भाबड्या विचाराने ती हो म्हणून बसली.

खेळ तसा साधा. प्रत्येकाने आपल्या फोनवर अकरा जणांचा संघ रचायचा. खेळाडू खरे, संघ मनातला. शनिवारी ते अकरा जण आपापल्या खऱ्या क्लबांकडून मैदानात जे काही दिवे लावतील त्याचे गुण आपल्या नावावर. एकाला कर्णधार नेमायचं, त्याचे गुण दुप्पट. शनिवारी दुपारी संघ बंद, त्यानंतर रडारड चालणार नाही. आणि निवडलेला खेळाडू दुखापतीमुळे बाहेर बसला तर शून्य. हे शेवटचं कलम तिने नीट वाचलं असतं तर तिचा आठवडा वाचला असता, कारण पाच जणांत फिजिओथेरपिस्ट ती एकटीच होती.

सोमवारी सकाळी नवऱ्याने तोंडात टूथब्रश ठेवूनच विचारलं की मांडीचा मागचा स्नायू ताणला गेला तर माणूस परत पळायला किती दिवस लागतात. तिला वाटलं, याचंच काहीतरी दुखतंय. गॅस बारीक करून ती त्याच्या मांडीला हात लावायला गेली, तर तो मागे सरकून म्हणाला की माझी नाही गं, माझ्या बचावपटूची. क्लिनिकमध्ये पोचते तोवर मास्तरचा फोन. हा गणित शिकवतो. मुलांना वर्गात उदाहरण घालून बाहेर आला होता आणि कुजबुजत होता. त्याला एका गोलरक्षकाच्या मनगटाची टक्केवारी हवी होती, खेळण्याची शक्यता किती टक्के, दशांश चिन्हापर्यंत. बेकरीवाल्याने तर एका खेळाडूच्या पट्टी बांधलेल्या पायाचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, खरंखरं सांग, पण फक्त मलाच सांग.

फक्त मलाच सांग, हे प्रत्येकाचं पालुपद. मंगळवारपर्यंत तिचा जीव मेटाकुटीला आला. खांद्याला शेक देऊन झोपवलेल्या बाई पलीकडच्या पलंगावरून कान टवकारून ऐकायच्या आणि हिने फोन ठेवला की विचारायच्या, कोणाला एवढं लागलंय हो? तिने परोपरीने सांगून पाहिलं की मी या माणसांना हात लावलेला नाही, मला त्यांचे रिपोर्ट कुणी दाखवलेले नाहीत, फोटोवरून घोटा सांगायला मी काही ज्योतिषी नाही. त्यावर सगळ्यांचं एकच म्हणणं, की तरी अंदाजे. शिवाय चौघंही तिला ‘डॉक्टरीण’ म्हणत. आपण डॉक्टर नाही, हे ती वीस वर्षं सांगत आली होती आणि आता तिने त्या गोष्टीवर पाणी सोडलं होतं.

बंब्या मात्र बाकीच्यांसारखा दहा खेळाडूंचे दहा अवयव विचारत नव्हता. त्याचा एकच खेळाडू आणि एकच गुडघा. सोळा नंबर.

सोळा नंबर म्हणजे त्या मोसमातला सगळ्यांचा लाडका आघाडीवीर. पाठीवर सोळा आकडा, म्हणून त्याला सगळे तेच म्हणत. त्याच्या गुडघ्याला सूज आल्याची बातमी होती. बातमीत एवढंच होतं, गुडघ्याला सूज, निर्णय सामन्याच्या दिवशी. बंब्याने मंगळवारी मेसेज केला की सकाळी सूज कमी आणि संध्याकाळी जास्त असेल तर काय समजायचं? तिने वैतागून लिहिलं की दिवसभर पाय आपटत फिरतो असं समजायचं. बुधवारी त्याने विचारलं की सोळा नंबरला जिना चढताना काही होत नाही, पण उतरताना गुडघा मध्येच अडकतो, मग जरा वळवला की कट् करून सुटतो, हे कशाचं लक्षण?

तिने फोन टेबलावर ठेवला. सोळा नंबर जिना कसा उतरतो हे कुठल्या पेपरात आलं होतं?

बंब्या अग्निशमन दलात होता, म्हणूनच बंब्या. बंब येऊन उभा राहिला की नळी घेऊन आत शिरणाऱ्यांपैकी तो, आणि आतल्या माणसांना खांद्यावर टाकून जिन्याने खाली आणणाऱ्यांपैकी. वर्षातून एकदा त्यांची परीक्षा होई. माणसाच्या वजनाचं बोचकं खांद्यावर घेऊन चार मजले चढायचं आणि न थांबता उतरायचं. ती परीक्षा येत्या सोमवारी होती. आणि बंब्याच्या बायकोने, म्हणजे वहिनीने, मागच्या आठवड्यात दुकानात भेटल्यावर सहज सांगितलं होतं की हल्ली हे जिना खेकड्यासारखे उतरतात, कठडा धरून, आडवे. विचारलं तर म्हणतात सवय बदलली.

तेव्हा बुधवारी दुपारी तिला सगळं लख्ख कळलं आणि तिचं डोकंच फिरलं. माणसाला गुडघा दाखवायचाय, गुडघ्याची माहिती असलेली मैत्रीण शाळेपासूनची आहे, क्लिनिक त्याच्या केंद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे, आणि हा शहाणा एका परक्या आघाडीवीराला मध्ये उभं करून विचारतोय!

पण त्यालाही कारण होतं, आणि ते तिला माहीत होतं, हा आणखी वैताग. अग्निशमन दलाची माणसं तपासण्याचं काम तिच्याच क्लिनिककडे होतं. नियम असा की दलातल्या माणसाला तिने एकदा तपासलं की जे दिसलं ते दलाच्या कार्यालयाला लिहून कळवायचं. मैत्री असो, नातं असो, पळवाट नाही. तिने एकदा तसं लिहिलं, की लगेच बंब्या बंबावरून खाली, टेलिफोनपाशी. आणि टेलिफोनपाशी बसलेला बंब्या कसा असेल याची तिला कल्पनाही करवत नव्हती. हा माणूस स्वतःच्या लग्नात भोंगा ऐकून खुर्चीवरून उठला होता.

तेव्हा बघायचं नाही, म्हणजे लिहायचं नाही. तो विचारणार सोळा नंबरबद्दल आणि ती सांगणार सोळा नंबरबद्दल. तिने ठरवलं, ठीक आहे, सोळा नंबर तर सोळा नंबर. पण सांगायचं ते असं सांगायचं की भिंतीपलीकडच्यालाही कळावं.

संधी गुरुवारी आली. बंब्याने सगळ्यांच्या ग्रुपवरच विचारलं की मागून पक्षपाताचा आरोप नको, सर्वांसमोर सांग, सोळा नंबर उतरू शकतो की नाही, हो किंवा नाही. तिने दोन रुग्णांच्या मधल्या वेळेत दात-ओठ खात उत्तर लिहिलं. नाही. हा गुडघा भरवशाचा नाही. आज चालेल, उद्या चालेल, आणि ऐन मोक्याला अडकेल. मग नुकसान त्याचं एकट्याचं होणार नाही. त्याला बसवा.

पुढच्या दहा मिनिटांत नवऱ्याने, मास्तरने आणि बेकरीवाल्याने सोळा नंबरला आपापल्या संघातून काढून टाकलं. मास्तरने ग्रुपवर हात जोडले. बेकरीवाल्याने लिहिलं की म्हणूनच म्हणतो, लीगमध्ये एक तज्ज्ञ माणूस हवा. तिने कपाळावर हात मारून घेतला. या तिघांसाठी ते लिहिलेलंच नव्हतं. पण बंब्याने त्याखाली उंचावलेला अंगठा टाकला होता, आणि त्या अंगठ्यावर भिस्त ठेवून तिला हायसं वाटलं. समजला एकदाचा. सोमवारी काहीतरी निमित्त काढून परीक्षा पुढे ढकलेल, मग सावकाश बघू.

शनिवारी सगळे बेकरीच्या मागच्या खोलीत जमले. भट्टी विझवलेली, तरी भिंती अजून कोमट. मैद्याच्या पोत्यांवर फळी टाकून बैठक केली होती आणि टीव्ही पिठाच्या पिंपावर. संघांची यादी पडद्यावर आली तेव्हा सोळा नंबर पहिल्या अकरांत होता. तिघांनी एकदम वळून तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली की उतरवला असेल, पण टिकणार नाही.

तो टिकला. नुसता टिकला नाही, पहिल्या अर्ध्यात त्याने एक गोल केला आणि दुसऱ्या अर्ध्यात दोन. तिसऱ्या गोलनंतर तर त्याच गुडघ्यावर गवतातून दहा फूट घसरत गेला, मुद्दाम तिला खिजवायला गेल्यासारखा. मास्तर बोटांवर हिशेब करत होता की तिच्या एका वाक्याने त्याचे नेमके किती गुण बुडाले. बेकरीवाला, ज्याने तज्ज्ञ म्हणून तिला डोक्यावर घेतलं होतं, तो आता म्हणायला लागला की तरी मला वाटलंच होतं. नवरा बिस्किटाचे तुकडे करून खाली टाकत राहिला.

आणि बंब्या? बंब्याने सोळा नंबरला काढलं नव्हतंच. त्याने त्याला कर्णधार केलं होतं. दुप्पट गुण घेऊन तो सगळ्यांच्या वर जाऊन बसला होता आणि त्याचा चेहरा उजळून निघाला होता. फळीवर हात टेकून, आधी एक पाय, मग दुसरा, असा तो उठला.

"बघितलंस ना डॉक्टरीणबाई?" तो म्हणाला. "ज्याला खेळायचं असतं तो खेळतो."

म्हणजे तिने जिवाचा आटापिटा करून जे त्याच्या कानात घातलं, ते त्या घसरगुंडी खेळणाऱ्या माणसाने नव्वद मिनिटांत पुसून टाकलं होतं. बंब्या बेकरीवाल्याला म्हणत होता की एक मैद्याचं पोतं दे, सोमवारी परत आणतो. बेकरीवाल्याने नाराजीनेच विचारलं कशाला. व्यायामाला, बंब्या म्हणाला, परीक्षा आहे. त्याने पोतं उचलून खांद्यावर टाकलं आणि मागच्या दाराने निघाला. दाराबाहेर तीन पायऱ्या होत्या. त्या तो आडवा होऊन उतरला. बाकीचे तिसरा गोल पुन्हा बघत होते. तिच्याशिवाय कुणाचं लक्ष गेलं नाही.

गाडीत नवऱ्याने शेवटी तोंड उघडलं. पहिल्याच आठवड्यात शेवटचा नंबर, तोही घरच्या माणसाच्या सल्ल्याने, असं काहीतरी तो पुटपुटला. तिचा बांध फुटला. ती म्हणाली की मी सोळा नंबरबद्दल बोलतच नव्हते, मी बंब्याबद्दल बोलत होते. मग सगळं सांगितलं, जिना, सूज, वहिनी, सोमवार. नवरा सिग्नलला थांबला आणि म्हणाला की मग बंब्यालाच सांगायचं होतंस. त्याचं बरोबर होतं, म्हणून तिला त्याचा जास्तच राग आला. घरी पोचेपर्यंत ती खिडकीबाहेर बघत राहिली.

रविवारी सकाळी ती बंब्याच्या घरी गेली. तो तिसऱ्या मजल्यावर राहायचा आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. तिसऱ्यापर्यंत जाण्याची गरजच पडली नाही. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्यांच्या मधल्या वळणावर तो उभा होता. उजव्या खांद्यावर पोतं, डावा हात कठड्यावर, एक पाय खालच्या पायरीवर आणि वरच्या पायाचा गुडघा अर्धवट वाकलेला. तो ना सरळ होत होता, ना पुरता वाकत होता. पोत्याच्या शिवणीतून मैदा गळून त्याची कॉलर पांढरी झाली होती. बंब्या घामाने निथळत होता.

"दम खातोय," तो म्हणाला.

"खा," म्हणून ती त्याच्या खालच्या पायरीवर बसली.

मग त्याने सोळा नंबरचं पुराण सुरू केलं. तीन गोल, तेही सुजलेल्या गुडघ्यावर. तुझं पुस्तक काय म्हणतं ते म्हणो, जिद्द म्हणून एक गोष्ट असते की नाही. ती ऐकत होती आणि तिच्या डोक्याची शीर तडतडत होती. अजूनही! पाय पायरीवर अडकलाय, खाली येववत नाही, वर जाववत नाही, आणि याच्या तोंडी अजूनही तोच.

"आता पुरे झालं तुझं सोळा नंबर," ती म्हणाली. "त्याला नुसती सूज असेल, उतरली असेल. मला माहीत नाही आणि मला त्याच्याशी काही घेणंदेणं नाही. पण त्याचा गुडघा अडकला असता तर काय झालं असतं सांगू? शिट्टी वाजली असती. दोघं स्ट्रेचर घेऊन धावले असते, बदली खेळाडू आत गेला असता, आणि मास्तरचे चार गुण वाचले असते. त्याच्या खांद्यावर कुणी नसतं, बंब्या."

बंब्याने पोत्याकडे पाहिलं नाही, पण त्याची मान पोत्याच्या बाजूला किंचित कलली, आणि पोतं धरलेला हात घट्ट झाला. वरच्या मजल्यावर कुणीतरी दार उघडून चपला झटकल्या आणि दार लावून घेतलं. बंब्याने गुडघा हळूच बाहेरच्या बाजूला वळवला. कट्. दोघांनाही ऐकू आलं.

ती उठली आणि पोत्याचं एक टोक धरलं. दोघांनी मिळून ते पायरीवर टेकवलं. तो कठडा धरून तिच्या शेजारी बसला, पाय लांब करून.

"माझ्या गुडघ्याला काय झालंय ते बघतेस का?" त्याने विचारलं.

आठवड्यात पहिल्यांदा तो गुडघा त्याचा झाला होता. तिला इतक्या दिवसांचा राग आठवेना.

"बघितला की लिहावं लागेल," ती म्हणाली.

तो वाकून पँट वर दुमडायला लागला. घडी नीट बसेना, तर तिने दुमडून दिली. गुडघ्याच्या वाटीचा आकार सुजेत हरवला होता. तिने एक हात गुडघ्यावर ठेवला, दुसऱ्याने टाच धरली, पाय वाकवला आणि नडगी हलकेच आत-बाहेर फिरवली. एका ठिकाणी बंब्याने श्वास रोखून तिचं मनगट पकडलं. तिने तिथेच थांबून पाय सावकाश खाली ठेवला. गुडघ्यातल्या गादीला चीर होती, याविषयी तिच्या मनात फारशी शंका उरली नाही.

तिने त्याला एकेक करून सांगितलं. उद्याची परीक्षा द्यायची नाही. आधी स्कॅन. बहुधा ऑपरेशन लागेल. मग व्यायाम, महिनोन् महिने, आणि तो तिच्याच डोळ्यांसमोर, कंटाळा आला तरी. तो मान हलवत गेला. वहिनीला कधी सांगायचं, तेही त्यानेच विचारलं. मग म्हणाला, "आणि नंतर? बंबावर परत?"

आठवडाभर तिने उत्तरं दिली होती. घोट्याची, मनगटाची, मांडीची, न पाहिलेल्या माणसांची, दोन रुग्णांच्या मधल्या वेळेत, शेकाच्या पिशव्या भरता भरता. एकाही उत्तराला तिला थांबावं लागलं नव्हतं.

"माहीत नाही," ती म्हणाली.

तो कसनुसा हसला. "सोळा नंबरचं बरं तुला सगळं ठामपणे सांगता येत होतं."

"त्याच्या बाबतीत चुकले तर तीन जण रुसतात," ती म्हणाली. "तुझ्या बाबतीत मला चुकायचं नाहीये रे."

बंब्याने कॉलरवरचा मैदा झटकायला हात नेला आणि तो अर्ध्यावरच राहिला. जिन्याच्या खिडकीतून खालचा रस्ता दिसत होता. त्याने थोडा वेळ तिकडे पाहिलं, मग आपल्या उघड्या गुडघ्याकडे.

"लिही," तो म्हणाला, आणि पँट खाली करायचं विसरून तसाच पायरीवर बसून राहिला.